वाट काढणं आणि वाट देणं

माझे वडील वायरमन होते. उदगीरला आमच्या मोहल्ल्यात आणि आसपासच्या खेड्यांत ज्या घरांत पहिल्यांदा वीज आली, त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर अब्बांच्या हातची लाकडी पट्टी होती. त्या काळी तारा भिंतीच्या पोटात नसत. भिंतीत गिट्टी ठोकायची, तिच्यावर पट्टी बसवायची, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा आणि क्लिपांत तारा. मीटरपासून बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून दिव्यापर्यंत विजेची सगळी वाट उघड्यावर दिसायची. तार तिरकी न्यायची नाही, हा अब्बांचा पहिला नियम. आडवी न्यायची किंवा उभी. ओळंबा आणि निळीत बुडवलेली दोरी यांच्याशिवाय ते कामाला हात लावत नसत.

त्यांचा दुसरा नियम मला उशिरा कळला. पहिली गिट्टी ठोकण्याआधी ते सगळं घर फिरत. घरातल्या बाईला विचारत, चूल कुठं, दळण कुठं, म्हातारं माणूस कुठं झोपतं. मग सगळ्या तारा भिंतीवर खडूनं आखत आणि त्यानंतरच हातोडी उचलत. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा.

मी कॉलेजात असताना एकदा अब्बा तापानं अंथरुणावर होते आणि एका गुरुजींच्या घराचं काम अडलं होतं. मी एकटाच गेलो. बैठकीच्या दिव्याची तार सगळ्यात जवळच्या वाटेनं नेली. पंख्याची तशीच, ओसरीच्या दिव्याची तशीच. काम झपाट्यानं होत होतं. संध्याकाळी फक्त स्वयंपाकघराचा दिवा उरला, आणि तेव्हा लक्षात आलं की दाराच्या चौकटीवरची जागा भरून गेली आहे. शेवटच्या तारेला वाटच नव्हती. दुसऱ्या दिवशी अब्बा तसेच ताप अंगात घेऊन आले. भिंतीकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता बैठकीची पट्टी उपटायला लागले. घरी परतताना आपल्या दखनीत ते एवढंच म्हणाले. मराठीत त्याचा अर्थ असा, की आधी जाणाऱ्यानं मागून येणाऱ्याची वाट खाऊ नये.

हे सगळं आज आठवायला एक सॉफ्टवेअर कारणीभूत झालं.

माझी भाची पुण्यातल्या एका कंपनीत चिप आखण्याचं काम करते. ईदला घरी आली होती. मी सहज विचारलं, ‘‘तू नेमकं करतेस काय गं?’’ ती म्हणाली, ‘‘मामू, कंपनीचं काम दाखवता येत नाही. पण विद्यार्थ्यांसाठी फुकट मिळणारं असंच एक सॉफ्टवेअर आहे, ते दाखवते.’’ तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर लाल आडव्या रेषा, निळ्या उभ्या रेषा, हजारो. एकही तिरकी नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘ही तर अब्बांची भिंत आहे.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘पण यातली एकही तार मी ओढलेली नाही. सगळ्या सॉफ्टवेअरनं ओढल्यात. जिथं त्याला जमत नाही, तिथं मी बघते.’’

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. विजेशी माझा संबंध गुरुजींच्या घरातच संपला होता. पण त्या सॉफ्टवेअरला तारांची वाट कुणी शिकवली, हा प्रश्न मला सोडेना. भाचीला विचारून, तिनं दिलेलं वाचून जे हाती लागलं, ते आज तुम्हांला सांगतो.

या सॉफ्टवेअरला राउटर म्हणतात. घरात इंटरनेटचा जो डबा असतो त्यालाही राउटरच म्हणतात, पण तो वेगळा. हा राउटर म्हणजे चिपच्या आतल्या तारांची वाट आखणारा. चिपमध्ये अगदी तळाला ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्यावर धातूच्या तारांचे थर असतात, आजच्या मोठ्या चिपमध्ये दहापेक्षाही अधिक. सहसा एका थरातल्या तारा आडव्या, वरच्या थरातल्या उभ्या, त्याच्या वरच्या पुन्हा आडव्या. माग पाहिलेल्या माणसाला ताणा-बाणा म्हटलं की हे लगेच कळेल. एका थरातून दुसऱ्या थरात जायला मध्ये धातूचे बारीक खांब असतात. दोन वेगळ्या तारा एकाच थरात एकमेकींना शिवल्या की शॉर्ट सर्किट, चिप वाया. ॲपलनं २०२० साली आणलेल्या एम-१ या चिपमध्ये १६०० कोटी ट्रान्झिस्टर होते. अशा नखाएवढ्या तुकड्यातल्या तारांची लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. हे काम माणसाच्या हातानं होण्यासारखं नाही.

पण सुरुवात हातानंच झाली होती. १२ सप्टेंबर १९५८ रोजी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर बनवलेलं पहिलं एकात्मिक सर्किट चालवून दाखवलं. त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्या तुकड्यावरच्या जोडण्या सोन्याच्या बारीक तारांच्या होत्या आणि त्या हातानं लावलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी, १९५९ मध्ये, फेअरचाइल्ड कंपनीच्या रॉबर्ट नॉइस यांनी मार्ग काढला. सिलिकॉनवर ऑक्साइडचा पापुद्रा असतोच, त्यावरच ॲल्युमिनियमच्या रेषा उमटवायच्या. तार आता जोडायची नव्हती, छापायची होती. म्हणजे आधी तिचं चित्र काढायला हवं. अशा रीतीनं वायरमनचं काम नकाशा काढणाऱ्याकडे गेलं.

ते चित्र कसं काढत, हे ऐकण्यासारखं आहे. चिपचा नकाशा शेकडो पट मोठा करून टेबलावर काढायचा. मग पारदर्शक फिल्मवर लाल पापुद्रा चढवलेला एक कागद येई, त्याला रुबिलिथ म्हणत. त्यावर धारदार पात्यानं रेषा कापायच्या आणि नको तो लाल भाग चिमट्यानं सोलून काढायचा. त्या काळच्या छायाचित्रांत मोठमोठ्या टेबलांवर ओणवून हे काम करणाऱ्या बायका दिसतात. मग त्याचा फोटो घेऊन तो लहान लहान करत चिपच्या मापाचा करायचा. १९७१ साली इंटेलनं आणलेला ४००४ हा मायक्रोप्रोसेसर असाच हातानं आखलेला होता. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. फेदेरिको फॅजिन यांनी त्या चिपच्या कडेला आपली आद्याक्षरं कोरून ठेवली, एफ. एफ. चित्रकारानं चित्राच्या कोपऱ्यात सही करावी तशी.

१९७८ चा इंटेलचा ८०८६ आला तेव्हा ट्रान्झिस्टर २९ हजार झाले होते. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्या प्रकल्पामुळे ओळखले जातात, त्या १९९३ च्या पेंटियममध्ये ते ३१ लाख झाले. कागद-पात्याचं काम या वेगानं वाढणं शक्य नव्हतं. सुदैवानं यंत्राला वाट शोधायला शिकवण्याचा उद्योग तोवर एका वेगळ्याच ठिकाणी सुरू झालेला होता. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतली टेलिफोनची प्रयोगशाळा, बेल लॅब्ज.

तिथं १९५० च्या सुमारास क्लॉड शॅनन यांनी एक खेळणं बनवलं होतं. २५ घरांचा एक भुलभुलैया आणि त्यात फिरणारा एक उंदीर. थीसियस त्याचं नाव. धडपडत तो वाट शोधायचा आणि दुसऱ्यांदा सोडला की न चुकता जायचा. अक्कल उंदरात नव्हती. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या, खाली बसवलेल्या रिलेंमध्ये होती. याच बेल लॅब्जमध्ये एडवर्ड मूर नावाचे गणिती होते. चिपवरच्या ट्रान्झिस्टरांच्या वाढीचा नियम सांगणारे गॉर्डन मूर ते हे नव्हेत. या एडवर्ड मूर यांनी भुलभुलैयातून सगळ्यात जवळची वाट कशी काढायची, याची रीत १९५९ साली प्रसिद्ध केली. आणि सप्टेंबर १९६१ मध्ये बेल लॅब्जच्याच सी. वाय. ली यांनी ती रीत तारांना लावून दाखवली. तारांची वाट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास बहुतेक जण या निबंधापासून सांगायला सुरुवात करतात.

लींची रीत इतकी सोपी आहे, की चौकटीची वही असलेल्या कुठल्याही मुलाला ती करता येईल. वहीच्या एका घरात सुरुवात लिहा, दुसऱ्या एका घरात शेवट. मधली काही घरं काळी करा, ते अडथळे. आता सुरुवातीच्या घराला चिकटून असलेल्या मोकळ्या घरांत १ लिहा. १ ला चिकटलेल्या घरांत २. २ ला चिकटलेल्या घरांत ३. विहिरीत खडा टाकल्यावर लाट पसरते तसे आकडे पसरतात, अडथळ्याला वळसा घालतात. शेवटच्या घराला आकडा मिळाला, की तिथून उलट यायचं, मोठ्याकडून लहान आकड्याकडे. तीच तुमची तार. वाट असेल तर ती मिळणारच, आणि मिळाली तर तिच्याहून जवळची दुसरी नसणारच, या दोन्हींची या रीतीत हमी आहे.

मग अडलं कुठं? एक तर जागेवर. हजार बाय हजार घरांची वही घेतली तर १० लाख घरं होतात. त्या काळी आयबीएम ७०९० हा मोठा संगणक समजला जाई. त्याच्या स्मृतीत ३२,७६८ शब्द मावत. म्हणून १९६९ मध्ये बेल लॅब्जच्याच डेव्हिड हायटॉवर यांनी लाट सोडण्याऐवजी दोन्ही टोकांकडून सरळ रेषा सोडायची युक्ती काढली. रेषा अडली की काटकोनात वळायचं, दोन रेषा एकमेकींना छेदल्या की वाट सापडली. काम चटकन होई, जागाही कमी लागे. मात्र वाट असूनही ती कधी कधी सापडत नसे.

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती संगणक कितीही मोठा झाला तरी मिटणारी नव्हती. लींची रीत एका वेळी एकाच तारेचा विचार करते. पहिली तार आली, तिनं सगळ्यात चांगली वाट घेतली. दुसरी आली, तिनं उरलेल्यातली चांगली घेतली. शंभरावी आली तेव्हा तिच्यासमोर भिंत. प्रत्येक तार आपापल्या परीनं बरोबर वागली आणि तरी सगळं मिळून चुकलं. मी गुरुजींच्या घरात नेमकं हेच केलं होतं. स्वयंपाकघराचा दिवा शेवटी राहिला, याचं कारण मी त्याचा विचार शेवटी केला. तारांना कुठल्या क्रमानं घ्यायचं, आधी आखूड की आधी लांब, याचे पुष्कळ ठोकताळे निघाले. पण नेहमी लागू पडेल असा एकही नाही.

कवितेत मी हे रोज अनुभवतो. गझलेचा मतला सुचतो तेव्हा फार आनंद होतो. पण तो रदीफ-काफिया ठरवून टाकतो, आणि मग पाचव्या-सहाव्या शेराची वाट बंद होते. तेव्हा कळतं, की पहिल्या ओळीनं जास्त जागा घेतली.

यावर पहिला मोठा उपाय १९७१ साली आला. इलिनॉय विद्यापीठात इलियाक-४ या महासंगणकाच्या कामात अकिहिरो हाशिमोतो आणि जेम्स स्टीव्हन्स होते. सर्किटच्या पाट्यांवरच्या तारा त्यांना बसवायच्या होत्या. एकेक तार न घेता त्यांनी एका बोळीतून जाणाऱ्या सगळ्या तारा एकदम विचारात घेतल्या. मनमाडसारख्या जंक्शनावर एक गाडी सुटली की त्याच फलाटावर दुसरी घेतात, तसंच हे. एक तार डावीकडून येऊन मध्येच संपत असेल, तर तिच्या पुढची ओळ मोकळीच आहे. तिथून सुरू होणारी दुसरी तार त्याच ओळीत बसवा. चिपमध्येही ही रीत सोयीची पडली. कारण तेव्हा धातूचे थर एक-दोनच असत, सर्किटचे ठोकळे चाळीच्या खोल्यांसारखे रांगांनी मांडत आणि दोन रांगांच्या मधल्या बोळींतून तारा नेत. बोळ जितकी अरुंद, तितकी चिप लहान आणि तितकी स्वस्त.

१९७६ मध्ये बेल लॅब्जच्या डेव्हिड डॉइच यांनी त्यात भर घातली. एकच तार सबंध अंतर एकाच ओळीत का जावी? मध्ये जागा बघून तिनं ओळ बदलावी, कुत्र्याच्या मागच्या पायासारखा बाक घ्यावा. त्यांनी आपल्या निबंधात एक अवघड बोळ उदाहरण म्हणून दिली होती. ती पुढं ‘डॉइच यांचं अवघड उदाहरण’ याच नावानं जगभर ओळखली गेली. त्या बोळीत सगळ्यात गर्दीच्या जागी १९ तारा शेजारी शेजारी होत्या, म्हणजे १९ पेक्षा कमी ओळींत ते बसणं शक्यच नव्हतं. पण १९ मध्ये बसवायचं कसं? एकेक ओळ वाचवण्यासाठी मोठमोठी माणसं कित्येक वर्षं झटली. आज बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणारी आरएसए ही सांकेतिक पद्धत शोधणाऱ्या तिघांपैकी रॉन रिव्हेस्ट हे एक. त्यांनीही १९८२ मध्ये चार्ल्स फिडुशिया यांच्याबरोबर बोळीतल्या तारांची एक रीत काढली आणि तिला चक्क ‘हावरी’ म्हटलं. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते उदाहरण अखेर १९ ओळींत बसलं.

आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या साऱ्या विद्येची गरजच संपत आली. धातूचे थर वाढले, तारा ठोकळ्यांच्या डोक्यावरून जाऊ लागल्या, मधल्या बोळी उरल्या नाहीत. रुबिलिथ कापणाऱ्या हातांचं जे झालं, तेच त्यांची जागा घेणाऱ्या गणिताचं झालं. माझ्या वडिलांच्या पट्ट्यांचंही तेच झालं, म्हणून हे वाचताना मला थोडं थांबावं लागलं.

दरम्यान गणित्यांनी एक कटू सत्य सांगून ठेवलं होतं. दोन टोकं जोडणं सोपं. पण एकच तार अनेक ठिकाणी पोहोचवायची असेल तर? समजा, तीन घरांना एकाच नळाचं पाणी द्यायचंय आणि नळ आडवा-उभाच न्यायचाय. सगळ्यात कमी नळ लागावा म्हणून फाटा कधी कधी अशा चौकात काढावा लागतो, जिथं कुणाचंच घर नाही. असे चौक कुठं शोधायचे, हे आयबीएमच्या मॉरिस हॅनन यांनी १९६६ मध्ये दाखवलं. प्रत्येक घरातून एक आडवी आणि एक उभी रेघ काढा. त्या जिथं छेदतात तेवढीच ठिकाणं पाहिली तरी पुरे. पण १९७७ मध्ये मायकेल गॅरी आणि डेव्हिड जॉन्सन यांनी सिद्ध केलं, की घरं वाढत गेली तर हा प्रश्न गणितातल्या अत्यंत बिकट प्रश्नांच्या वर्गात मोडतो. अशा प्रश्नांचं अचूक उत्तर नेहमी झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. म्हणजे एकट्या तारेची सर्वोत्तम वाट मिळेल याचीही खात्री नाही, मग लाखोंची कुठून असणार?

तेव्हा उरला उपटण्याचा मार्ग. १९८२ मध्ये विल्यम डीस आणि पॅट्रिक कार्गर यांनी, अडलेल्या तारेला जागा करून देण्यासाठी आधीच्या तारा उपटून पुन्हा टाकण्याची रीत यंत्राला कशी शिकवायची, यावर निबंध वाचला. अब्बांनी गुरुजींच्या बैठकीची पट्टी उपटली, तेच हे. पण यंत्राला कुणाला उठवायचं हे ठरवता येत नसे. ‘अ’ला जागा देण्यासाठी ‘ब’ला उठवलं, मग ‘ब’नं येऊन ‘अ’ला उठवलं. हे भांडण न संपणारं असू शकतं. बळजबरीनं उठवलेला माणूस संधी मिळताच परत येऊन बसतो.

याचं जे उत्तर १९९५ मध्ये मिळालं, ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात फेऱ्या मारू लागलो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले लॅरी मॅकमर्ची आणि कार्ल एबलिंग यांची ही रीत, पाथफाइंडर तिचं नाव. ती बनवली होती एफपीजीए नावाच्या चिपसाठी. या चिपमध्ये तारा आधीच टाकलेल्या असतात आणि कुठल्या तारेनं कुठला तुकडा वापरायचा, तेवढं ठरवायचं असतं. त्यांनी काय केलं? सुरुवातीला सगळ्यांना मोकळं सोडलं. प्रत्येकीनं आपली आवडती वाट घ्यावी, एकमेकींवर चढल्या तरी चालेल. मग प्रत्येक जागेला भाव लावला. ज्या जागेवर दोघी-तिघी आल्या, तिचा भाव वाढला. पुन्हा सगळ्यांना वाट निवडायला सांगितलं. पुन्हा भाव. शिवाय यात एक स्मृती ठेवली: जी जागा फेरीमागून फेरी गर्दीची राहिली, तिचा जुना हिशेबही भावात धरायचा, म्हणजे आज तिथं गर्दी नसली तरी ती स्वस्त होत नाही.

याचा परिणाम असा होतो: जिला दुसरी वाट आहे, ती वाढता भाव पाहून बाजूला सरकते, थोडा वळसा घेते. जिला दुसरी वाटच नाही, ती जास्त भाव सोसूनही तिथंच राहते. आधी कोण आलं होतं याला मग फारसं महत्त्व उरत नाही. कुणाला पर्याय आहे आणि कुणाला नाही, हे महत्त्वाचं ठरतं. या रीतीतही यश येईलच अशी हमी नाही. पण ती इतकी उपयोगी पडली, की एफपीजीएच्या बाहेर, सर्वसाधारण चिपच्या राउटरांतही तिचं तत्त्व शिरलं. २००७ आणि २००८ साली तारांची वाट आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, तेव्हा आघाडीच्या राउटरांमध्ये ही वाटाघाट होती. तारांच्या या वागण्याला संशोधकांनी दिलेलं नावही तेच, वाटाघाट.

१९५९ पासून १९९५ पर्यंतचा हा प्रवास मला असा दिसतो. यंत्राला वाट काढायला शिकवणं चटकन जमलं. वहीतल्या आकड्यांनी ते झालं. वाट द्यायला शिकवायला त्यापुढं तीन दशकांहून अधिक काळ लागला.

अर्थात गोष्ट इथं संपली नाही. तारा बारीक होत गेल्या तसा त्यांच्यातून संदेश जायला लागणारा वेळ ट्रान्झिस्टरच्या वेळेपेक्षा डोईजड झाला. १९९७ मध्ये आयबीएमनं ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारांच्या चिपची घोषणा केली, ती याच कारणानं. शेजारच्या तारेतली खळबळ आपल्या तारेत उमटू नये, घाईच्या संदेशाला आधी सरळ वाट मिळावी, असे नियम वाढत गेले. आपल्याकडची माणसंही या कामात फार पूर्वी आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये बंगळूरला केंद्र काढलं, तिथलं सुरुवातीचं काम चिप आखायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचंच होतं. आणि २०१८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ओपनरोड प्रकल्पानं अशी सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुली केली. भाचीनं ईदच्या दिवशी मला दाखवलं ते हेच.

मी तिला विचारलं, ‘‘सगळं तेच करतं, तर तुझी नोकरी किती दिवसांची?’’ ती म्हणाली, ‘‘मामू, तार ते टाकतं. पण जागा आधी मला ठेवावी लागते. चिप गच्च भरली तर त्याला कितीही वाटाघाट करू दे, शेवटी काही तारा लटकतातच. किती जागा मोकळी सोडायची आणि कुठं, हे आधी ठरवावं लागतं.’’

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराच्या तारा भिंतीत घातल्या. पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांच्या खाली भिंतीचा जुना निळा रंग तसाच निघाला, आडव्या-उभ्या रेषांत. भाची सुटीवर आली होती. ती बराच वेळ त्या रेषांकडे आणि खाली ठेवलेल्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘मामू, नानांनी प्रत्येक पट्टी एका तारेनं रुंद घेतलीय. दोन तारा असतील तिथं तिनाची पट्टी. तिसरी तार आलीच नाही.’’

मी पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं त्या घरात राहून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मोजून पाहिलं तर एका ठिकाणी मात्र तिसरी तार आलेली होती. मी कॉलेजला गेलो तेव्हा माझ्या खोलीत अभ्यासाचा दिवा लागला, त्या दिव्याची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)